साठ घोडे, दोन बैल आणि मी

आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी आणि आमच्या पंचक्रोशीतली पहिली स्पोर्ट्स कार माझी. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच चिखलातून, घरच्या बैलांनी ओढून बाहेर काढल्या.

पदवीचं आधी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मी कोणतीच गोष्ट सुरू करत नाही. (बायको म्हणते, मी वांगी आणायला गेलो तरी सांगतो.) बी.एस्सी., फिजिक्स! लाखनीच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवतो. घर मात्र दिघोरीला. वडील धानाचे शेतकरी, आजोबा धानाचे शेतकरी, पणजोबांविषयी लिहिलेलं काही नाही, पण तेही धानच असणार.

गाडीचं खूळ भंडाऱ्याला कॉलेजात असताना शिरलं. होस्टेलच्या खोलीत कुणीतरी सोडून गेलेलं एक कॅलेंडर होतं. त्यावर एक लाल, बुटकी, बिनछपराची गाडी. आपल्याच देशात, एका लहानशा कारखान्यात, हाताने बनवलेली. मोजक्याच बनल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे जेवढ्या आहेत तेवढ्याच, पुढे एक नाही! कॅलेंडरवरचा महिना बदलायची वेळ आली तरी मी पान उलटलं नाही. तीन वर्षं माझ्या खोलीत मार्च होता.

पुढे पंधरा वर्षांनी तीच गाडी नागपूरच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे सापडली. किल्ली हातात देताना डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, विरहाचं. (आता वाटतं, सुटकेचं.) आत पितळेची छोटी पट्टी होती आणि तिच्यावर कोरलेला आकडा: ४७. जगात सत्तेचाळीस क्रमांकाची एकच, आणि ती माझी!

"सत्तेचाळीसवी?" गाडी दारात आली तेव्हा महादेवकाका म्हणाले. हे माझे सख्खे काका, शेजारच्याच घरात राहतात आणि माझ्या आयुष्यात जरा काही चांगलं घडलं की सगळ्यांत आधी पोचतात. "म्हंजे आधीच्या शेचाळीस बिघडल्या का गा मास्तर?"

मग त्यांनी बोनेटवर टकटक केलं. "हे तं पान्याच्या टाकीचं प्लॅस्टिक हाये!"

"फायबर आहे काका. वजन कमी व्हावं म्हणून."

"तेच म्हनून राहिलो. टाकीबी हलकीच असते."

बाबांनी गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली, बाजारात बैल पाहतात तशी. पुढची जाळी बोटांनी वर करून पाहिली (दात!), मागच्या बाजूला थाप मारली (पुठ्ठा!), आणि चाकांजवळ काठीवर वाकून म्हणाले, "खूर बारीक हायेत." मग सरळ झाले.

"मानसं किती बसतेत?"

"दोन."

"अन् घरात किती हायेत?"

"सहा," मी हळूच म्हणालो. बाबा, माय, मी, सुनीता आणि आमची दोन पोरं. मी फिजिक्सचा आहे, गणित मला येतं. पण घेताना आठवलं नव्हतं.

"मी नाई बसत या डबीत," बाबा म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

बाकी सगळे बसले. मायला बसवलं तर ती म्हणाली, "बेस हाये रे, पाटावर बसल्यावानी. ताट आन, जेवूनच घेतो." उतरताना मात्र तिला दोन जणींनी ओढून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिने प्रेमाने ती पितळी पट्टी चिंचेने घासायला घेतली. मी धावत आलो म्हणून, नाहीतर माझी दुर्मिळता देवाच्या समईसारखी लख्ख आणि कोरी झाली असती!

सुनीताला हायवेवर नेलं. आता या गाडीची मजा तुम्हाला कशी सांगू? ती रस्त्याला इतकी चिकटून धावते की चाकाखाली खडा आला तर तो कुठल्या खाणीतला ते कमरेला कळतं. स्टिअरिंग हातात धरलं की रस्ताच हातात धरल्यासारखं वाटतं. ट्रकच्या शेजारून जाताना ड्रायव्हर दिसत नाही, चाकाचे नट दिसतात, एकेक, ओळखीचे! मी आनंदाने ओरडत होतो. सुनीताही ओरडत होती.

"काय म्हणालीस?"

"अहो, माझी टिकली उडाली! थांबवा!"

सगळं गाव बसून झालं. बाबा नाही. आणि मला तर खरं म्हणजे त्यांनाच बसवायचं होतं.

त्याचं कारण सांगतो. बारावीनंतर मी कॉलेजला निघालो त्या दिवशी भंडाऱ्याची एसटी आमच्या डोळ्यांसमोर सुटली. मी पत्र्याची पेटी घेऊन रडकुंडीला आलेलो. बाबा त्या काळी शंकरपटातले नामांकित धुरकरी होते. म्हणजे शर्यतीच्या छकड्यावर उभं राहून बैल पळवणारे. त्यांनी पेटी छकड्यात टाकली, मला पेटीवर टाकलं आणि म्हणाले, "धरून बस." पुढच्या फाट्यावर आम्ही एसटीच्या आधी पोचलो! कंडक्टरने विचारलं, "कुठून आले?" बाबा म्हणाले, "मागून." तेवढंच. खानदानातली पहिली पदवी त्या छकड्यावरून सुरू झाली. तेव्हापासून माझ्या मनात होतं की या माणसाला आपणही एक फेरी द्यायची. तशीच, वाऱ्यातली.

म्हणून मी मागे लागलो.

"बाबा, एकदा बसून तं पाहा!"

"कायले? जमिनीलेच कंबर टेकवाची असन तं बाजेवरून उतरून बसतो. पेट्रोल कायले जाळू?"

"साठ हॉर्सपॉवर आहे बाबा! साठ घोड्यांची ताकद!"

बाबांनी वाकून गाडीच्या खाली पाहिलं. "एकबी दिसत नाई. चारा कोनाले घालतोस?"

"साठ घोडे अन् बसनारे दोन!" काका होतेच. "उरलेले अठ्ठावन कायले पोसून राहिला मास्तर?"

मला राग आला. शिकलेल्या माणसाला राग आला की तो आकडे बोलतो. मी टॉर्क सांगितला, वजन सांगितलं, वेग सांगितला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं कर दिन्या. आपल्या पटावर आन. तुफान-शांताराम जेवढ्या सेकंदात जातेत त्याच्या आत नेऊन दाखव. नेलीस तं मी बसतो, लाखनीपर्यंत. नाई नेलीस तं ही डबी जिथून आनली तिथं वापस."

तुफान आणि शांताराम ही आमच्या घरची जोडी. यातला तुफान गरीब आहे. शांतारामापासून मात्र चार हात लांब राहावं.

"मंजूर!" मी म्हणालो. सुनीताने कपाळावर हात मारला. (टिकली परत पडली.)

पट आमच्याकडे धान निघाल्यावर, थंडीत भरतो. दिघोरीच्या बाहेर मोकळ्या बांध्यांमधून (आमच्याकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात) सरळ पट्टा काढतात, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, वर लाऊडस्पीकर. जोडी सुटली की घड्याळ चालू, पलीकडची दोरी ओलांडली की बंद. समितीने माझ्या गाडीला फायनलच्या आधी एक धाव आनंदाने मंजूर केली. आनंद कशाचा होता ते मला नंतर कळलं.

आदल्या संध्याकाळीच मी गाडी नेऊन बैलांच्या शेजारी मोहाच्या झाडाखाली उभी केली. सकाळी पाहिलं तर रात्रीच्या थंडीसाठी तिच्यावर कोणीतरी बैलाची झूल टाकलेली होती. माय असेल, मी म्हटलं. मग पोहे-तर्री खायला गेलो. पंधरा मिनिटांत परत आलो तर बाबा गाडीजवळून लगबगीने चालले होते, दुपट्ट्याला हात पुसत. हात तेलकट. मला वाटलं, भजी. गाडीचे टायर असे काळेभोर चकाकत होते की बस! मला वाटलं, सुनीता. फिजिक्समध्ये याला निरीक्षण म्हणतात. निष्कर्ष मात्र सगळे चुकले.

आधी तुफान-शांताराम. छकड्यावर महादेवकाका. (बाबांचे गुडघे गेल्यापासून जोडी काकाच पळवतात.) झेंडी पडली, धूळ उडाली, आणि जोडी दिसेनाशी होऊन पलीकडे दिसली.

"आठ सेकंद!" लाऊडस्पीकर गरजला. "आठ सेकंद फक्त! अन् आता येऊन राहिले आपले लाडके सर, बी.एस्सी.!" (हे मीच सांगून ठेवलं होतं.) "साठ घोड्यांची गाडी! आया-बहिणींनी लेकरं सांभाळा!"

मी गॉगल लावला. मायने चाकाखाली लिंबू ठेवलं. सुनीताने डोळे मिटले. समोर, पट्ट्याच्या शेवटी दोरीपाशी बाबा काठी टेकून उभे. मी त्यांच्याकडे पाहिलं, क्लच दाबला, इंजिन असं गुरगुरलं की शांतारामने मान वळवून पाहिलं.

झेंडी पडली. मी ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी जागची हलली नाही!

चाकं फिरत होती. अशी फिरत होती की मागे धुराचा डोंगर झाला. आवाज असा की लाखनीला ऐकू जावा. पण गाडी तिथेच, नवरी रुसून बसावी तशी. "सर, निघा ना!" लाऊडस्पीकर म्हणाला. मी आणखी दाबला. मग ती निघाली. समोर नाही, आडवी! मी उजवीकडे वळवतो, ती डावीकडे जाते. मी डावीकडे, ती पुन्हा डावीकडेच. माणसांची भिंत वेळेवर फाटली, आणि खानदानातला पहिला पदवीधर एका धुऱ्याच्या बांधावरून अलगद उडून पलीकडच्या बांधीत उतरला.

सगळ्या बांध्या कोरड्या होत्या. त्या एकाच बांधीत उन्हाळी धानासाठी चिखल केला होता. रोवणा चालू होता. आठ-दहा बाया वाकून रोपं लावत होत्या. मी त्यांच्या ओळीत जाऊन थांबलो.

"ये बाबू," त्यातली एक म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली, "आलासच तं हे पेंडी धर."

गाडी दारांपर्यंत रुतली. (दारं मुळातच किती उंच, ते सोडा.) मी उतरायला पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला, दुसरा टाकला तो बुटाशिवाय वर आला. वरून लाऊडस्पीकर: "साठ घोडे चिखलात! कोनी दोन बैल देता का?"

काका तुफान-शांतारामला घेऊन आले. एवढं खुश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दोर बांधला. आता ओढणार तर त्यांना दिसलं की मी अजून चिखलात उभाच आहे. "मास्तर, तुमीबी धरा दोर. एकाच भाड्यात दोघं निघा." मी दोर धरला. शांतारामने एकदाच जोर लावला. गाडी निघाली, मी निघालो, आणि माझा दुसरा बूट अजून त्या बांधीत आहे. धान चांगलं आलं म्हणतात.

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं. गाडी अशी घसरेलच कशी? मी टायरवर बोट फिरवलं, हुंगलं. जवसाचं तेल!

"काका!" मी ओरडलो. "टायरला तेल कोणी लावलं? हरायची भीती होती तर सांगायचं होतं! एवढ्या खालच्या थराला?"

"काय बोलून राहिला बे!" काकांचा चेहरा लाल. "मी कायले लावू? मी बैलाले सोडून हललोबी नाई!"

"तुमच्याशिवाय कोण हसत होतं सकाळपासून?"

"हासनं गुन्हा हाये का? तुही गाडी पाहून आख्खा जिल्हा हासून राहिला! सगळ्यायले फाशी दे!"

काकांनी बाह्या सरसावल्या. मी सरसावणार होतो, पण चिखलामुळे सरकल्या नाहीत. माय मध्ये पडली, सुनीता मध्ये पडली, लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "कृपया शांतता राखा, पन थोडं मोठ्यानं बोला." आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी लावलो."

बाबा. काठी टेकत, पट्ट्याच्या टोकापासून एवढं अंतर चालून आलेले.

"तुम्ही?"

"रातभर थंडीत उभी होती ते. पाय जखडले असन म्हनलं." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. "पटाच्या सकाळी बैलाच्या पायाले जवसाचं तेल चोळा लागते. तुफानले चोळलो, शांतारामले चोळलो. मंग हे तिसरं उभं. घरचंच जनावर हाये ना? त्याले काय सावत्र करू?"

मला सुचलं ते एवढंच: "आणि झूल?"

"तेबी मीच टाकलो."

ज्या माणसाने गाडीला डबी म्हटलं, तिच्यात बसणार नाही म्हणून जाहीर केलं, जिच्याविरुद्ध स्वतःची जोडी उतरवली, त्याच माणसाने उकिडवं बसता येत नसताना तिची चारही पावलं चोळून दिली होती. घर्षण हा धडा मी दरवर्षी शिकवतो. वंगणाने घर्षण कमी होतं, हे वाक्य फळ्यावर लिहितो. त्याचं एवढं मोठं प्रात्यक्षिक आजवर कुठल्या सरांनी पाहिलं नसेल. काकांची मी तिथेच माफी मागितली. ते म्हणाले, "राहू दे. पन पुढच्या साली मले तर्री तू पाजशील."

"अरे पन मंग हे धाव कायची धरता?" काकाच ओरडले लाऊडस्पीकरकडे पाहून. "तेलानं घसरलेली जोडी असन तं पुन्हा सोडा लागते! होय का नाई?"

"पुन्हा! पुन्हा!" आख्खा पट ओरडला.

मग जे झालं ते पाहण्यासारखं. बांधीतल्या बाया चिखलाच्या हातांनी वर आल्या. मायने चहाच्या चुलीतली राख आणली. टोपलीभर धानाचा कोंडा आला. आठ-दहा बाया, माझी माय आणि माझी बायको मिळून जगातल्या सत्तेचाळीस क्रमांकाच्या गाडीचे टायर पितळेच्या हंड्या-गुंडांसारखे घासत होत्या. मी अनवाणी उभा होतो आणि त्या मला म्हणत होत्या, "सरका सर, मधात येऊ नका."

गाडी पुन्हा झेंडीपाशी लागली. मी बसलो. शेजारचं दार उघडलं.

"सरक," बाबा म्हणाले.

"बाबा? पण आपलं ठरलंय, जिंकली तर..."

"तुही मंघाशी उडाली काहून? एका बाजूनं रिकामी होती. छकड्यावर तोल लागते. मी बसतो." त्यांनी आधी काठी आत टाकली, मग एक पाय, मग दुसरा, आणि सीटमध्ये बसून इकडेतिकडे पाहिलं. काठी बाहेर तीन हात उभी राहिली, झेंड्यासारखी. "अन् आयक. सुटताच दाबू नोको. जोडीले आधी पाय टेकू दे. दोन पावलं. मंग मोकळं सोड."

झेंडी पडली. मी दाबलं नाही. गाडीने दोन पावलं टाकली, राख-कोंड्याने घासलेल्या टायरांनी माती धरली, मला कमरेत ती कळली, आणि बाबांच्या तोंडातून पटावरची जुनी आरोळी निघाली, "हुर्रर्रर्र!" मी मोकळं सोडलं!

माणसांची भिंत दोन लांब पट्टे झाली. दुपट्टा उडाला. दोरी आली आणि गेली.

"सात! सात सेकंद अन् वर थोडं!" लाऊडस्पीकर घोगरा झाला. "सर जिंकले! सर... सर, थांबा! सर, पट संपला!"

"थांबू?" मी ओरडलो.

"थांबलास तं पाह्य!" बाबा ओरडले.

आम्ही पट सोडून पांदण रस्त्याने, तिथून डांबरी रस्त्याने निघालो. बाबांनी एक हात बाहेर काढून वाऱ्यात धरला होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. फाट्यापाशी म्हणाले, "दिन्या, हे छकडाच हाये रे. समदं अंगाले कळते. लोकं उंच गाडीत बसून काय पाहतेत?" मग जरा थांबून, "अन् असे किती हायेत म्हनला होता?"

"मोजक्याच, बाबा."

"मंग नीट ठेव. अशी जोडी घडीघडी मिळत नाई."

हवेत धूळ फार होती, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाखनी दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "बाजूले घे. आता इकडं दे."

ट्रॅक्टर चालवणाऱ्या हाताला ती गाडी समजायला किती वेळ लागावा? पाच मिनिटं. पुढे रीतसर परीक्षा देऊन त्यांनी गाडीचं लायसन्सही काढलं. (पहिल्याच फटक्यात. मी दोनदा नापास झालो होतो, ते कुठे लिहू नका.)

आता दर बाजारच्या दिवशी सकाळी ती गाडी निघते. स्टिअरिंगवर बाबा, शेजारी माय, डोक्यावरून पदर गच्च बांधलेला, मांडीवर वांग्यांची पिशवी. जागा दोनच. मागच्या आठवड्यात मी एसटीच्या खिडकीत बसून कॉलेजला चाललो होतो. मागून भोंगा वाजला, एक लाल रेघ आमच्या शेजारून सुर्रकन पुढे गेली, आणि त्यातून आरोळी आली, "हुर्रर्रर्र!"

कंडक्टर खिडकीतून वाकून पाहत राहिला. "सर, अशी गाडी आख्ख्या जिल्ह्यात एकच ना? तुमचीच व्हय ना ते?"

"माझीच," मी छाती फुगवून म्हणालो, आणि खिशात हात घातला. "एक लाखनी द्या."